सकाळी डोळे सुजलेले दिसतात?

सकाळी तोंड धुताना आरशात पाहावं आणि डोळ्यांखाली दोन फुगीर पिशव्या दिसाव्यात, असं झालं की आपल्याला पहिली काळजी कशाची वाटते? तब्येतीची नाही, लोक काय म्हणतील याची! बाईचे डोळे सुजलेले दिसले की आपल्याकडे त्याचा एकच अर्थ काढतात. "काऊन वं माय, रातभर रडली का?" असं शेजारीण दारातूनच विचारते. सासूबाईंना वाटतं, सूनबाईंनी काहीतरी मनाला लावून घेतलंय. मी आठवड्यातून चार दिवस शाळेत तास घ्यायला जाते, तिथे तर मुलीच विचारतात, "मॅडम, बरं नाही का तुम्हाला?" मग आपण गार पाण्याचे हबके मारतो, जरा पावडर जास्त लावतो आणि दिवस ढकलतो.

मीही तेच करत होते आणि दुसऱ्यांनाही तेच सांगत होते. गेल्या वर्षीच्या वैशाखात एक गोष्ट घडली आणि माझी ही वैद्यकी बंद पडली.

नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. माझ्या मोठ्या जाऊबाई संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून आठ दिवस आधी खामगावला माझ्याकडे आल्या. वय पंचेचाळीसच्या आतबाहेर, शेतात राबणारा काटक देह. पण चेहरा पाहिला आणि मी म्हटलं, "ताई, डोळे किती सुजलेत तुमचे!" त्या म्हणाल्या, "रोजच सुजते सकायी. दुपारपावतर उतरते." झालं! मी लगेच डॉक्टरीण झाले. काकडीच्या चकत्या ठेवल्या, चहाच्या पाण्यात कापड भिजवून गार करून डोळ्यांवर घातलं, उशाला एक उशी जास्त दिली. सहा दिवस हा सोहळा चालला. पहिल्या दिवशी बरं वाटलं, मग जैसे थे. आणि त्याच सहा दिवसांत, पाहुणचार म्हणून, मी त्यांच्या ताटात दोन्ही वेळा पापड, लोणचं आणि तळलेली सांडगी मिरची वाढत होते. हे आठवलं की आजही मला कसंसंच होतं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मेंदीसाठी त्या पायातली जोडवी काढायला बसल्या, तर जोडवी निघेनात. तेल लावलं, साबण लावला, तरी निघेनात. पाय टम्म फुगलेले. मी सहज अंगठ्याने नडगीवर दाबलं, तर पिठाच्या गोळ्यात बोट रुतावं तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. मग मात्र मी घाबरले. एकेक विचारत गेले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "लघवीले फेस येते. मोरीत साबनाचं पानी सांडल्यावानी. पन दुखत-खुपत तं काहीच नाही, मंग सांगाचं कोनाले?"

लग्न पार पडलं आणि दुसऱ्याच दिवशी लघवी तपासली. अल्ब्युमिन थ्री प्लस. रक्तदाब १६८ आणि १०२. रक्तातलं क्रिएटिनीन १.९, जे बाईमाणसात साधारण १.१ च्या आत असावं लागतं. म्हणजे मी ज्या डोळ्यांवर काकडी ठेवत होते, ते डोळे बिघडलेलेच नव्हते. बिघडल्या होत्या त्या किडन्या, म्हणजे मूत्रपिंडं.

आता डोळ्यांचा आणि किडनीचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. डॉक्टरांनी जे सांगितलं आणि मागाहून मी वाचलं, ते आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते.

आपल्या रक्तात अल्ब्युमिन नावाचं एक प्रथिन असतं. अंड्याच्या पांढऱ्या बलकात जे असतं, त्याच जातीचं. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतच धरून ठेवायचं, हे त्याचं एक मोठं काम. किडनी ही चहाच्या गाळणीसारखी. नको ते खाली सोडायचं, हवं ते वर ठेवायचं. गाळणीची जाळी फाटली की चहात भुकटी उतरते, तसं किडनीची जाळी बिघडली की अल्ब्युमिन लघवीत उतरतं. अंड्याचा बलक घुसळला की फेस होतो ना? लघवीला येणारा तो न मोडणारा फेस अशाच प्रथिनाचा. इकडे रक्तात अल्ब्युमिन कमी पडलं की पाणी वाहिन्यांबाहेर झिरपायला लागतं. शिवाय आजारी किडनीला शरीरातलं मीठ नीट बाहेर टाकता येत नाही, आणि मीठ जिथे राहतं तिथे पाणी धरून ठेवतं.

हे पाणी जातं कुठे? जिथली कातडी सगळ्यांत पातळ आणि आतली जागा सैल, तिथे. सबंध शरीरात डोळ्यांभोवतीच्या कातडीइतकी पातळ कातडी क्वचितच असेल. रात्री आपण आडव्या असतो, तेव्हा पाणी चेहऱ्याकडे येतं. दिवसा उभं राहिलं की तेच पाणी खाली पायांत उतरतं. म्हणून सकाळी डोळे आणि संध्याकाळी पाय. आमच्या जाऊबाई म्हणत होत्या की दुपारपर्यंत सूज 'उतरते'. उतरतच होती बिचारी, पण पायात!

आता कुणी घाबरून जाऊ नका. डोळ्यांखाली फुगलेली प्रत्येक बाई किडनीची रोगी नसते. बहुतेक जणींची सूज साधीच असते. आदल्या रात्री उशिरा, खारट-तळकट जेवण झालेलं असतं, झोप नीट झालेली नसते, पाळी जवळ आलेली असते, किंवा खरोखरच रडू आलेलं असतं. अशी सूज कधीतरी येते आणि उठून तास-दोन तास कामात गेले की मागमूस राहत नाही. तिला गार पट्टी पुरते. काकडीत काही जादू नाही, गारवा महत्त्वाचा. स्वच्छ रुमाल माठाच्या पाण्यात भिजवून दहा मिनिटं ठेवला तरी तेच होतं. लिंबाचा रस, बटाट्याचा रस, टूथपेस्ट असलं काही डोळ्यांजवळ नेऊ नका. एकदा एका ओळखीच्या बाईंनी लिंबू लावून डोळा लाल करून घेतला होता आणि नवऱ्याला सांगितलं, कांदा चिरत होते!

काहींच्या डोळ्यांखालच्या पिशव्या मात्र सकाळ-संध्याकाळ सारख्याच असतात. चाळिशीनंतर डोळ्याच्या खोबणीतली चरबी, तिला धरून ठेवणारा पडदा सैल झाल्यामुळे, पुढे येते. आईच्या, मावशीच्या फोटोत पाहा, तिथेही ती दिसेल. हा आजार नाही, आणि कुठल्याही क्रीमने ती चरबी आत जात नाही. जायची तर शस्त्रक्रियेने. नाही गेली तरी काही बिघडत नाही, असं माझं मत.

खाज येऊन सूज येत असेल, सोबत शिंका आणि पाणी असेल, तर ती ॲलर्जी समजावी. आपल्या भागात कापसाचा बारीक तंतू, धान्य उफणताना उडणारी धूळ, फवारणीचे दिवस ही नेहमीची कारणं. नवं काजळ किंवा केसांचा कलपही. तिथे डोळे न चोळणं हे अर्धं औषध. एकाच डोळ्याला सूज, लाली, दुखणं आणि ताप असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चेहराच एकूण जड, सुस्त वाटतो, थंडी फार वाजते, वजन वाढतं, पोट साफ होत नाही, केस गळतात, तर थायरॉइडची रक्ततपासणी करायला सांगा. बायकांत हा त्रास पुष्कळ असतो आणि तो रोजच्या गोळीने आटोक्यात राहतो.

गरोदरपणाचं वेगळं सांगायला हवं. पायांना थोडी सूज पुष्कळ जणींना येते. पण पाचव्या महिन्यानंतर चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, छातीखाली दुखतं, तर 'या दिवसांत असंच असतं' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचं ऐकू नका. रक्तदाब वाढल्याची ती खूण असू शकते. सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठावा.

आणि मुलांचं. दोन ते सहा वर्षांचं मूल सकाळी डोळे सुजवून उठलं तर आपण म्हणतो, 'डास चावला', 'जास्त झोपलं', 'पोर काय गुटगुटीत झालंय!' लागोपाठ दोन-तीन दिवस असं दिसलं तर मुलाची लघवी तपासून घ्या. या वयात नेफ्रॉटिक सिंड्रोम नावाचा किडनीचा आजार होतो आणि त्याची पहिली खूण बहुतेकदा डोळ्यांभोवतीची सूजच असते. वेळेवर औषध मिळालं तर बहुतेक मुलांची सूज उतरते, पण आजार पुन्हा पुन्हा डोकं वर काढू शकतो, म्हणून डॉक्टर सांगतील तोवर लक्ष ठेवावं लागतं. घसा दुखून किंवा अंगावर पुळ्या, खरूज होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी मुलाचे डोळे सुजले आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर तोही किडनीचाच त्रास समजावा.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे येते, कारण आपण बुलढाणेकर बायकांनी हे जरा जास्तच लक्षात ठेवायला हवं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा तुम्हाला ठाऊक आहे. तिथे जमिनीखालचं पाणीच खारट. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या बाजूला माहेर किंवा सासर असलेल्या बाईला मी काय सांगावं! त्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत, आणि दुसरं पाणीच नसेल तर फार तर २,००० पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक आहे. खारपाणपट्ट्यातल्या कितीतरी विहिरी आणि हापसे ही वरची मर्यादाही ओलांडतात. या गावांतल्या किडनीच्या रोग्यांच्या बातम्या वर्षानुवर्षं छापून येतात. वान धरणाच्या पाण्यावर जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना झाली. ज्यांच्या नळाला ते पाणी येतं त्यांनी ते पिण्यासाठी वेगळं भरून ठेवावं. नळ कोरडा असेल त्या दिवशी विहिरीचं पाणी पिण्यापेक्षा आर.ओ.चा जार आणावा, आणि घरात तो फक्त पुरुषमाणसांपुरता ठेवू नये. हसू नका, मी हे पाहिलेलं आहे.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस एकाएकी गळायला लागले, तेव्हा दिल्लीहून पथकं आली, टीव्हीवाले आले. केस गळलेले दिसतात. किडनी दिसत नाही. ती निम्म्याहून अधिक निकामी होईपर्यंत पुष्कळदा दुखतही नाही.

जाऊबाईंच्या बाबतीत नेमकं कारण कोणतं, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही. वर्षानुवर्षांचं खारं पाणी, कधीच न मोजलेला रक्तदाब, उन्हात पाण्यावाचून केलेली मजुरी, आणि चौथी एक गोष्ट, जी ऐकून मी चाटच पडले. कापूस वेचून कंबर धरते म्हणून ताई गावातल्या किराणा दुकानातून दुखण्याची गोळी आणून रोज घेत होत्या, एक नाही, दोन नाही, तीन वर्षं! अशा वेदनाशामक गोळ्या सतत घेतल्या की किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तिला इजा होते. आपल्यापैकी किती जणींच्या पर्समध्ये अशी पाकिटं असतात? कंबर, गुडघे, डोकं, पाळीतलं दुखणं, सगळ्याला तीच गोळी. एखाद्या वेळची गोष्ट निराळी. पण रोज लागत असेल तर ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायला हवी.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती शहरातल्या बायकांना जास्त लागू. आपल्या शेजारच्या अकोल्यातलीच घटना. २०२२ साली बायोटेक्नॉलॉजी शिकणारी एक तरुण मुलगी, तिची आई आणि मोठी बहीण अशा एकाच घरातल्या तिघींना किडनीचा त्रास सुरू झाला. एकाच वेळी तिघींना कसा? मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या किडनी विभागात शोध घेतला, तेव्हा धागा सापडला तो चेहरा उजळवणाऱ्या क्रीमचा. मुलगी ते वापरत होती, गोरेपणा आलेला पाहून आई आणि बहीणही वापरू लागल्या. क्रीम तपासलं तर त्यात पारा! सौंदर्यप्रसाधनात नकळत राहून गेलेला पारा दहा लाखांत एक भाग एवढाच चालतो. त्या क्रीममध्ये तो हजारोंच्या घरात होता. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनाही असंच आढळलं. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात किडनीच्या एका ठरावीक आजाराचे २२ रोगी त्यांनी नोंदले. त्यांतल्या १५ जणांत एक खास प्रकार सापडला आणि त्या पंधरापैकी १३ जण गोरं करणारं क्रीम लावत होते.

पारा कातडीतून रक्तात जातो आणि त्यापायी किडनीची तीच जाळी फाटते. मग डोळे सुजतात. डोळे सुजलेले आणि काळवंडलेले दिसले की बाई काय करते? तेच क्रीम डोळ्यांखाली आणखी चोपडते! पॅकिंगवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसलेली डबी, मग ती पार्लरमधून मिळालेली असो की कुणी परदेशातून आणलेली, चेहऱ्याला लावू नका. चार आठवड्यांत गोरेपणाची हमी देणाऱ्या डबीकडे तर संशयानेच पाहावं. काही क्रीममध्ये पारा नसतो, पण स्टेरॉइड असतं. ते डोळ्यांजवळ महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते आणि डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

आता स्वयंपाकघरातलं, कारण औषधाइतकंच काम तिथे होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे एक सपाट चहाचा चमचादेखील पुरता नाही. आणि आपण वऱ्हाडी! भाजीत मीठ, कणकेत मीठ, वर ठेचा, लोणचं, पापड, कुरडई, शेव, आणि पाहुणे आले की कचोरी. पापडात तर मिठाखेरीज पापडखारही असतो, तोही सोडियमचाच. मी आता एक युक्ती करते. महिन्याचं मीठ वेगळ्या बरणीत काढून ठेवते. चार माणसांना महिन्याला सगळं मिळून ६०० ग्रॅमच्या आत. बरणी विसाव्या तारखेलाच रिकामी झाली की मला माझंच प्रगतिपुस्तक दिसतं. कणकेत मीठ घालणं बंद केलं तर आठवडाभर घरात कुरकुर झाली, मग कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. भाजीला लिंबू, आमसूल, भरडलेले धणे-जिरे घातले की अळणीपणा झाकला जातो. सैंधव घेतलं की चालतं, असा एक समज आहे. तेही मीठच. आणि बाजारात 'कमी सोडियमचं' मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असणाऱ्याला ते धोक्याचं, म्हणून आपल्या मनाने सुरू करू नये.

'किडनीसाठी भरपूर पाणी प्या' हे वाक्यही सरसकट सगळ्यांना नाही हो. मुतखड्याच्या रोग्याला ते बरोबर. पण ज्याच्या अंगावर सूज आहे, त्याने पाणी किती प्यावं हे डॉक्टरांनीच ठरवायचं. आम्ही तर ताईंना पहिल्या दिवशी तांब्यावर तांब्या पाजत होतो.

सध्या ताई रक्तदाबाची गोळी नेमाने घेतात, दुखण्याची गोळी बंद आहे, कमरेला शेक आणि व्यायाम चालू आहे. डोळ्यांची सूज पुष्कळच उतरली. क्रिएटिनीन मात्र खाली आलेलं नाही. आहे तिथेच राहिलं तर आपण जिंकलो, असं डॉक्टर म्हणतात. दर रविवारी फोनवर त्या मला रक्तदाबाचा आकडा सांगतात. मागच्या रविवारी १३२ आणि ८४ होता.

शेवटी तपासणी कशी करायची ते सांगते, कारण पुष्कळ जणी नुसत्या संकोचाने जात नाहीत. डोळ्यांखालची सूज आठवडाभर रोज येत असेल, लघवीला फेस असेल, संध्याकाळी बांगड्या, अंगठी, जोडवी घट्ट होत असतील किंवा नडगीवर दहा सेकंद दाबल्यावर खड्डा राहत असेल, यांतली एकही गोष्ट असेल तर चार गोष्टी करून घ्या : रक्तदाब, लघवीची साधी तपासणी, रक्तातलं क्रिएटिनीन आणि साखर. सरकारी आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या बाईने सूज नसली तरी वर्षातून एकदा हे करावं. लघवी सकाळची पहिली घ्यावी. आधी जागा साध्या पाण्याने धुवावी, सुरुवातीची थोडी धार सोडून मधली धार दवाखान्यातून मिळालेल्या कोरड्या बाटलीत धरावी. घरची औषधाची किंवा अत्तराची बाटली धुऊन नेऊ नये. तासा-दोन तासांत ती पोचवावी. पाळीचे दिवस असतील तर पाळी संपून दोन-तीन दिवस गेल्यावर जावं, नाहीतर रक्त मिसळून उत्तर चुकतं. पण सूज जास्त असेल, धाप लागत असेल किंवा लघवी फारच कमी होत असेल तर पाळीसाठी थांबू नका, तसं डॉक्टरांना सांगा आणि त्याच दिवशी जा.